नानाचं कुलूप

प्रिय धाकट्या,

‘प्रिय’ खोडणार होते. पण खाडाखोड केलेला कागद कुणाला पाठवायची मला सवय नाही, आणि तुझ्यासाठी दुसरा कागद घ्यावा इतका तू मोठा नाहीस. तेव्हा राहू दे तो शब्द तिथेच. तुझं पाकीट मिळालं. आतलं जाड गुळगुळीत कार्ड मिळालं आणि त्याला टाचलेली तुझ्या हातची चिठ्ठीही मिळाली. ‘वहिनी, नाही म्हणू नकोस’ हे वाक्य तू त्यात दोनदा लिहिलं आहेस. उत्तर देणार आहे, पण शेवटी. आधी माझं सगळं ऐकून घ्यायचं. आणि हे पत्र घरी वाच. तुझ्या त्या काचेच्या केबिनमध्ये वाचू नकोस. तिथे बाहेरच्यांना तुझा चेहरा दिसतो आणि चेहरा सांभाळण्यातच तुझा अर्धा जीव जातो.

लेक तुमच्या चष्म्याच्या भिंगांच्या कारखान्यात लागली तेव्हा मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. बापाने जिथे जन्म घालवला तिथेच तीही कॉम्प्युटरच्या खात्यात शिकायला बसली. परवा ती कामावरून आली आणि दारातल्या स्टुलावर बूट न काढता तशीच बसून राहिली. मला वाटलं दमली असेल. मी चहा ठेवला, हाक मारली, तरी उठेना. मग म्हणाली, “आई, आपल्या बाबांच्या नावाचं एक कुलूप आहे म्हणे ऑफिसात.” मी म्हटलं, “कसलं कुलूप?” तर ती सांगायला लागली. तुमचा तो नवा शिकवणारा फळ्यावर चित्र काढून सांगत होता, की मशिनाच्या दोन भागांना एकच वस्तू हवी असली आणि एकाने ती आधी धरून ठेवली, तर दुसरा उठतच नाही, म्हणजे सुरूच होत नाही, अडून बसतो. “याला आपल्याकडे नानाचं कुलूप म्हणतात. कुणीही उठावं आणि नानाचं कुलूप लावून ठेवावं, असं चालणार नाही बरं का!” मागून कुणीतरी विचारलं, कोण हो हे नाना? तो म्हणाला, “होते कुणीतरी जुने. जाताना कुलूप लावून गेले आणि किल्ली वर घेऊन गेले.” वर्ग हसला. माझी लेक मान खाली घालून मला म्हणाली, “आई, मीपण हसले गं. आधी हसू आलं, मग कळलं कुणाबद्दल बोलतायत.”

त्या शिकवणाऱ्यावर माझा राग नाही. त्याने नानांना पाहिलेलंही नाही. तास संपल्यावर लेकीने त्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, हे नाव कुणी ठेवलं? तो कौतुकाने म्हणाला, “हेडसाहेबांनीच. कुठल्याशा मीटिंगमध्ये म्हणाले होते, तेव्हापासून चालतंय.” हेडसाहेब म्हणजे तू. नानांचा सख्खा भाऊ.

नाना हे मुळात घरातलं नाव होतं, हे आता तिथे कुणाला ठाऊक नसेल. तुला बोबडं बोलता येत होतं तेव्हापासून तू भावाला त्या नावाने हाक मारायचास. नानांनी तुला कारखान्यात चिकटवलं आणि पहिल्याच दिवशी तू भर खात्यात ओरडलास, “ए नाना, माझं टेबल कुठलं?” सगळे हसले आणि त्या दिवसापासून ते सगळ्यांचे नाना झाले. म्हणजे घरातलं नाव ऑफिसात नेलंस तू, आणि मग एका चुकीला ते चिकटवून ठेवलंसही तूच. माणूस गेला की त्याच्या कपड्यांचं काय करायचं याचा घरात विचार होतो. नावाचं काय करायचं हे तू परस्पर ठरवून टाकलंस.

आता तुला वाटेल, वहिनीला यातलं काय कळतंय. फारसं नाही कळत, मान्य आहे. शाळा मी फार पाहिली नाही. मी वाचायला लागले ती तुझ्याच पुस्तकांवर, हे तुला आठवत असेल तर आठवेल. मी लग्न होऊन आले तेव्हा तू शाळेत होतास. वर्ष संपलं की तू पुस्तकं कोपऱ्यात भिरकावायचास आणि मी ती दुपारी घेऊन बसायचे. भूगोल, इतिहास, पाण्याची वाफ कशी होते ते, जे असेल ते. अडलं की तुला विचारायचे आणि तू शिष्टासारखा सांगायचास, “वहिनी, एवढंही येत नाही?” मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. तुझी पुस्तकं संपल्यावर मी कोपऱ्यावरच्या वाचनालयाची झाले, आणि अजून आहे. पण तुझ्या पुस्तकांचं देणं मी विसरलेली नाही. म्हणूनच एवढं लिहिते आहे, नाहीतर चार ओळींतही तुझी रवानगी करता आली असती.

तो मोठा सर्व्हर आला तेव्हाचे दिवस आठव. आधी तुमच्याकडे तीन जुनी मशिनं होती, एक ऑर्डरींचं, एक पगाराचं आणि एक नवीन काही करून बघायचं, आणि तिन्ही आळीपाळीने आजारी पडायची. मग तिघांच्या जागी एकच दांडगं मशीन आलं आणि त्याचे आतल्या आत भाग पाडायचं काम नानांकडे आलं. तुम्ही ऑफिसात पार्टिशन म्हणायचात, नाना घरी नुसतं ‘भाग’ म्हणायचे. मला आधी वाटलं मशिनात लाकडी फळ्या बसवतात की काय. नाना खूप हसले. म्हणाले, “फळी नाही, भिंत नाही, काही नाही. मशीन एकच. पण प्रत्येक भागाला वाटतं, आपण एकटेच आहोत, सगळं घर आपलं.” मी म्हटलं, “म्हणजे तुमच्या धाकट्यासारखं.” तू समोरच ताटावर बसला होतास. “वहिनी, मी घरातलं खातो, घर खात नाही,” म्हणालास आणि आणखी वाढून घेतलंस.

त्या दिवसांत जेवणाच्या टेबलावर दुसरा विषय नसायचा. प्रत्येक भागाला तीन आकडे द्यावे लागतात, नाना सांगायचे. किमान किती, हवं किती आणि कमाल किती. मशीन लावलं की प्रत्येक भागाला हवं तेवढं द्यायचा प्रयत्न होतो. नसेल तेवढं, तर थोडं कमी मिळतं, तेवढ्यावर तो भागवतो. पण किमानही मिळालं नाही तर तो भाग उठत नाही. रडत नाही, भांडत नाही, नुसता उठत नाही. नानांना हे फार आवडायचं. म्हणायचे, माणसांनाही हे तीन आकडे लिहून द्यायला लावले पाहिजेत, निम्मी भांडणं मिटतील. मग आम्हाला विचारत सुटले. माझं किमान काय? मी म्हटलं, “कुणी हाक न मारणारी एक दुपार आणि पुस्तक.” तुझं विचारलं तर तू म्हणालास, “नाना, आपलं किमान, हवं आणि कमाल सगळं एकच.” नाना म्हणाले, “तेच तर. मागतोस कमाल, घेतोस कमाल आणि वर उपाशीच.” तिघंही हसलो होतो. मी तो दिवस चांगल्या दिवसांत धरत आले होते. आता तो कुठे ठेवू ते सांग.

ती टेपचीही गोष्ट मला आठवते. रोजच्या कामाची एक प्रत जपून ठेवायला टेपचं यंत्र एकच होतं आणि भाग तीन. नाना म्हणायचे, गल्लीत शिडी एकच असली की जशी वापरतात तशी वापरायची. काम झालं की भिंतीला परत लावून ठेवायची, बरोबर घेऊन झोपायचं नाही. म्हणून त्यांनी तिन्ही भागांना टेप ‘असला तर घे’ असा दिला होता. ‘असलाच पाहिजे’ असा कुणालाच दिला नव्हता. एकाने जरी ‘असलाच पाहिजे’ म्हटलं आणि नेमका तेव्हा टेप शेजाऱ्याकडे असला, तर हा अडून बसेल आणि सकाळी उठणारच नाही. हे त्यांनी तुलाही सांगितलं होतं, माझ्या देखत. तू ऑर्डरींच्या भागाचा कारभारी झाला होतास, नोकरी अजून कच्ची होती. एकदा टेप पगाराच्या भागाकडे राहिला आणि तुझं काम जपून ठेवायचं राहून गेलं. साहेब तुझ्यावर सगळ्यांसमोर ओरडले. तू आमच्या स्वयंपाकघरात येऊन पाय आपटत म्हणालास, “तुझा पगारवाला टेप सोडतच नाही, नाना. पुन्हा मी कुणाचं ऐकून घेणार नाही. बघतोच आता.” नाना म्हणाले, “बघू नकोस. मला विचार.” त्याच महिन्यात नाना आजारी पडले आणि विचारायचं राहिलंच. की तू विचारायचं ठरवलंच नव्हतंस?

पुढचं तुला माहीत आहे. पण तुला एका बाजूने माहीत आहे, मी दुसऱ्या बाजूने सांगते. नाना हॉस्पिटलात होते, खिडकीकडच्या खाटेवर. छातीत पाणी झालं होतं, दोन शब्द बोलले की थांबावं लागायचं. कारखान्याच्या विजेचं काही काम निघालं, सगळं बंद करून पुन्हा लावलं, आणि ऑर्डरींचा भाग उठला नाही. पगाराचा उठला, करून बघायचा उठला, ऑर्डरींचा नाही. गावोगावच्या चष्मेवाल्यांचे नंबर त्याच्यात. कुठलं भिंग कुणाचं, किती घासायचं, काही कळेना. घासणी खात्यात माणसं उलट्या क्रेटवर बसून राहिली. मीही त्या वेळी तिथेच, भिंगांच्या तपासणीच्या टेबलावर काम करायचे, रजेवर होते म्हणून डोळ्यांनी पाहिलं नाही, पण ऐकलं सगळं. दिवस गेला, दुसरा दिवस निम्मा गेला. तू म्हणत होतास, “नानाने लावलेलं आहे, मी हात लावणार नाही.” केवढा मान ठेवलास भावाचा!

मग साहेबांचा फोन हॉस्पिटलात आला. नर्सने फोन आणून दिला, मी तो नानांच्या कानाशी धरला. साहेब मोठ्याने बोलत होते, मला सगळं ऐकू येत होतं. काय झालंय, कुठे अडलंय, ते सांगून त्यांनी विचारलं, “हे असं कुणी करून ठेवलंय नाना?” नानांनी मला हाताने थांब अशी खूण केली. मला वाटलं दम लागला. मग म्हणाले, “माझंच असेल साहेब. धाकटा करेल नीट.” फोन ठेवला. डोळे मिटून पडून राहिले आणि मग मला म्हणाले, “खाली धाकटा असेल. त्याला सांग, ऑर्डरला तू घातलेलं ‘असलाच पाहिजे’ काढ. लगेच उठेल.”

मी जिना उतरून आले. तू खाली औषधांच्या दुकानासमोर उभा होतास. मी शब्द न बदलता निरोप दिला. नीट आठव. तू ‘म्हणजे काय’ असं विचारलं नाहीस. ‘कुणी घातलेलं’ असंही विचारलं नाहीस. तुझ्या चेहऱ्यावरचा रंग उतरला, तू “बरं” म्हणालास आणि धावत सुटलास. मला वाटलं, केवढी कामाची काळजी आहे पोराला. चहा होण्याइतका वेळही लागला नाही म्हणे तुला. मशीन उठलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. भावाची चूक भावाने निस्तरली, अशी गोष्ट तयार झाली आणि तू तिच्यात हार घालून उभा राहिलास.

मला का कळलं नाही, असं तू विचारशील. माझं लक्ष कुठे असणार, सांग. त्यांचे ओठ निळे पडतायत का, ते बघत होते मी. तुमच्या ऑफिसातली भाषा मी निरोप्यासारखी उचलली आणि तशीच नेऊन पोचवली. पार्सल आणणाऱ्याला आत काय आहे ते कुठे माहीत असतं? त्यानंतर नाना फार बोललेच नाहीत. “पाणी” म्हणाले, “खिडकी लाव” म्हणाले. त्यांची ती शेवटची धड वाक्यं मी जपून ठेवली आहेत, कारण जपायला दुसरं काही नव्हतं. आणि त्यातलं सगळ्यांत मोठं वाक्य एका यंत्राबद्दलचं होतं, याचं मला इतकी वर्षं वाईट वाटत आलं. माझ्यासाठी काही नाही, लेकीसाठी काही नाही, श्वास पुरत नव्हता तो टेपवर घालवला, असं मी मनात म्हणत आले. परवा लेक बूट घालून बसलेली असताना मी तिला तो निरोप पहिल्यांदा सांगितला. ती उठून उभी राहिली. “आई, बाबा ‘तू घातलेलं’ म्हणाले? नक्की?” मी म्हटलं, “त्यांचं एकही अक्षर मी इकडचं तिकडे केलेलं नाही.” मग तिने मला कागदावर काढून दाखवलं. पगाराचा भाग आधी उठला आणि त्याने सवयीने टेप उचलला. ऑर्डरींच्या भागाला कुणीतरी ‘असलाच पाहिजे’ करून ठेवलं होतं, तो बसला अडून. मशीन चालू असताना हे कुणालाच दिसत नाही. बंद करून पुन्हा लावेपर्यंत ते गुपचूप पडून असतं.

ते ऐकलं आणि मला तुझे कप आठवले. लहानपणी तुझ्या हातून कप फुटला की तू सांगायचा नाहीस. दोन तुकडे नीट जुळवून कपांच्या उतरंडीत मधोमध ठेवून द्यायचास. मग जो कुणी पुढे कप काढेल त्याच्या हातात तुकडे यायचे आणि बोलणी तो खायचा. बहुतेक वेळा नाना. त्यांना माहीत असायचं. ते मला डोळ्यांनी खुणावायचे, जाऊ दे, शिकेल. तू शिकलास. कपाऐवजी सर्व्हर घेतलास.

त्या दीड दिवसाचं काय झालं ते तुला माहीत आहे, पण तू कधी तोंडाने म्हटलं नाहीस, म्हणून मी म्हणते. तुमच्याकडून भिंगं घेणारा तो मोठा डोळ्यांचा दवाखाना तुम्हाला सोडून दुसरीकडे गेला आणि संध्याकाळची पाळी बंद झाली. पाळीतली माणसं घरी बसली. नाना गेले तेव्हा घासणी खात्यातून कुणीही आलं नाही. ज्यांची पोरं नानांच्या खांद्यावर बसून कारखाना बघून गेली होती, त्यांतलं कुणी नाही. मी कामावर परत गेले तर माझ्या शेजारी बसणारी बाई, जिचा नवरा घासणी खात्यात संध्याकाळच्या पाळीला होता, तिने आपलं स्टूल उचललं आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवलं. आम्ही एका डब्यात जेवणाऱ्या बायका. त्यानंतर मी निवृत्त होईपर्यंत आमच्या मधे तेवढं रिकामं टेबल होतं. मी उजेडाकडे भिंग धरून ओरखडे शोधायचे आणि तिच्या बाजूला बघायचं टाळायचे. तू रोज आमच्या तपासणी खात्याच्या खिडकीवरून जायचास. ते रिकामं टेबल तुला दिसायचं. मूग गिळून जायचास.

आणि मी? मी नानांना माफ केलं होतं. साहेब भेटायला आले तेव्हा म्हणाले, चूक माणसाच्याच हातून होते, आणि मी मान हलवली. आजारी माणूस, विसरला असेल, असं मी लोकांना सांगत फिरले. स्वतःलाही सांगितलं. ज्याने काही केलंच नव्हतं त्या माणसाला मी वर्षानुवर्षं मोठ्या मनाने माफ करत होते. हे तू माझ्याकडून करून घेतलंस, धाकट्या. बाकीचं सगळं एका पारड्यात घाल आणि हे एकटं दुसऱ्यात.

नानांनी ते स्वतःवर का घेतलं, हे मला कळतं. तुझी नोकरी कच्ची, लग्न ठरत आलेलं. आणि अंथरुणावरच्या माणसाला कोण नोकरीवरून काढणार? त्यांनी विचार केला असेल, उसनं देऊ, धाकटा पायावर उभा राहिला की फेडेल. त्या सर्व्हरमध्येही तसंच असतं म्हणे. एक भाग रिकामा बसला असेल तर आपली ताकद शेजाऱ्याला वापरू देतो आणि काम निघालं की ती त्याला परत मिळते. नाना अभिमानाने सांगायचे, “आपल्या मशिनात उसनं मागावं लागत नाही, आपोआप परत येतं.” मशिनात येत असेल. तू तर उसनं घेतलेलं नावच मोडीत काढलंस. गप्प बसला असतास तर मी समजू शकले असते. भित्रा माणूस गप्प बसतो. पण तू मीटिंगमध्ये उभा राहून त्याचा विनोद केलास. चोर निदान चोरलेली वस्तू लपवून ठेवतो रे, तिच्यावर मालकाचं नाव कोरून दारात टांगत नाही.

तुला शाप देणार नाही. शाप द्यायला माणसाला मनात जागा द्यावी लागते. तुझ्या बायकोला आणि पोरांना मी यातलं काही बोलणार नाही, त्यांचा काय दोष. लेकीलाही बजावलंय, काकाशी वाकडं बोलायचं नाही, काम शिकायचं. ती शिकेल. पुढच्या तासाला तो शिकवणारा फळ्यावर पुन्हा ते चित्र काढेल आणि ती खाली बघून ते उतरवून घेईल. तिला त्या खात्यात जन्म काढायचा आहे. बापाच्या नावावर रोज कुणीतरी हसणार, आणि काय खरं आहे ते तिथे तिला आणि तुलाच तेवढं माहीत असणार. तू तिच्याशी जिन्यात काय बोलशील? “जेवलीस का?”

आता तुझ्या कार्डाबद्दल. तू आता निवृत्त होतोयस, त्याआधी नवीन मशीन येतंय, त्याच्या खोलीला नानांचं नाव देणार, दारावर पितळेची पाटी, आणि पहिलं बटण वहिनीने दाबावं, अशी तुझी इच्छा. हॉल भरलेला असेल, घासणी खात्यालाही बोलावलंय, असं तू मुद्दाम लिहिलं आहेस. सगळ्यांसमोर वहिनीच्या हाताने पाटीवर उजेड पाडायचा, आणि पाटी वर, कुलूप खाली, दोन्ही भावाच्याच नावाने, तू मधून नामानिराळा घरी. तर ऐक, मी येणार आहे. पाटी लाव नाहीतर लावू नकोस, नानांनी उभ्या आयुष्यात दारावर नाव लावलं नव्हतं. मी तुला माझे तीन आकडे लिहून देते, त्यांनी शिकवले तसे. माझं किमान एक वाक्य आहे. माईकवर, घासणी खात्याकडे तोंड करून म्हणायचं, ‘ते कुलूप नानाने लावलेलं नव्हतं, मी लावलं होतं.’ मला हवं आहे ते याहून थोडं जास्त. तो शब्द त्या फळ्यावर पुन्हा कधी येऊ नये. कमाल काय ते लिहीत नाही, ते तुझ्यापाशी नाही. ते एकदा माझ्यापाशी होतं, खिडकीकडच्या खाटेवर. हवं तेवढं मिळालं नाही तर मी भागवून घेईन, मला सवय आहे. मी तिथे भांडणार नाही, रडणार नाही, तुझ्याविरुद्ध एक शब्द बोलणार नाही, भिऊ नकोस. पहिल्या रांगेत बसेन. बटण दाबायला माझं नाव पुकारतील, सगळा हॉल वळून बघेल, टाळ्या सुरू होतील. किमान मिळालेलं असेल तर येईन. नसेल तर टाळ्या थांबतील, तू दुसऱ्यांदा पुकारशील, तिसऱ्यांदा जवळ येऊन हलक्या आवाजात “वहिनी, चल ना” म्हणशील, आणि मी उठणार नाही.

तुझीच, कारण हे नातं काढून ठेवायची सोय नाही,
वहिनी